दोन दिवसांपासूनचा ताप आणि इंग्रजीतला 'सिन्स'

धरमपेठेतून: काल पुतण्याने रजेचा अर्ज तपासायला दिला. त्यातील 'फीवर सिन्स टू डेज' वाचताच मला सातवीतल्या माझ्याच अर्जावर गुरुजींनी लाल शाईने केलेला गोल आठवला. आपण 'दोन दिवसांपासून' आणि 'सोमवारपासून' हे दोन्ही एकाच 'पासून'वर निभावतो. इंग्रजीत मात्र कालावधीला 'फॉर' आणि सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' लागतो. आपणही असे कुठे अडखळला असाल तर अवश्य लिहावे.

कळमन्याहून: काका, 'पासून'ने तुमच्या कागदावर गोलच उमटला, आमची तर 'पर्यंत'ने अब्रू काढली. आंबिया बहाराची संत्री निघत होती आणि परराज्यातील एका खरेदीदाराला मी 'अन्टिल टेन्थ डिसेंबर' माल पाठवू, असे लिहून कळवले. माझ्या मनात दहा तारखेच्या आत एकच गाडी होती. त्यांनी मात्र दहापर्यंत गाड्या येत राहतील असे धरून गोदाम रिकामे ठेवले आणि पहिल्या गाडीनंतर रोज सकाळी फोन करून 'आजची गाडी निघाली का' असे विचारू लागले. तिथे 'बाय' हवे होते. आता पत्र पाठवण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, की काम 'दहाच्या आत' उरकायचे आहे की 'दहापर्यंत' चालू ठेवायचे आहे?

सीताबर्डीवरून: 'दोन दिवसांत देतो' याचे 'इन टू डेज' करणाऱ्यांनीही जपावे, कारण समोरचा माणूस दोन दिवस सरल्यावरच येतो. तिथे 'विदिन' लिहावे.

प्रतापनगरातून: मी शिकवणी घेते. मुलांना दीक्षाभूमीचेच उदाहरण देते: धम्मदीक्षा 'इन १९५६', 'इन ऑक्टोबर', पण १४ ऑक्टोबर १९५६ म्हटले की 'ऑन'. एवढे पाठ झाले, की 'इन द मॉर्निंग' म्हणणारी मुले 'ऑन मंडे मॉर्निंग' पाहून गोंधळतात आणि 'ॲट नाइट' आले की सरळ माझ्यावर रुसतात. रात्रीला वेगळा न्याय का, याचे पटणारे उत्तर माझ्याकडे नाही. ते पाठच करावे लागते.

महालातून: मुलाखतीत मी 'ऑन लास्ट संडे' म्हणालो होतो. 'गेल्या रविवारी' यातली वेलांटी सुटेना, म्हणून 'ऑन' चिकटवला. 'लास्ट' आणि 'नेक्स्ट' असताना तो लागत नाही, हे घरी आल्यावर धाकट्या बहिणीने सांगितले. नोकरी मिळाली, पण बहीण अजून चिडवते.

प्रतापनगरातून: दादा, बहिणीला माझ्या शिकवणीत पाठवा, मला मदतनीस हवीच आहे. काका, पुतण्याचा ताप उतरला का?

धरमपेठेतून: ताई, आज सकाळी उतरला. अर्ज 'फॉर टू डेज' असा सुधारून ठेवला होता, पण शाळेत द्यायच्या आत तिसरा दिवस उजाडला आणि 'टू' खोडून 'थ्री' करावे लागले. 'सिन्स मंडे' लिहिले असते तर खाडाखोड वाचली असती.