मोजडी, जुत्ती आणि चावलेल्या टाचा: तुमचे अनुभव लिहा

लग्नसराई आलीय, पैठण्या-शेरवान्या कपाटातून बाहेर निघाल्यात आणि पायात काय घालायचं यावर घरोघरी खल सुरू असेलच. तर चामड्याच्या, भरतकामाच्या मोजड्यांचे बरेवाईट अनुभव येऊ द्या. माझ्यापासून सुरू करते. माझी जोधपूरची, लालसर चामड्यावर पिवळ्या-हिरव्या दोऱ्याची वेलबुट्टी. दोन्ही पायांच्या अगदी सारख्या, डावी कुठली उजवी कुठली काही कळेना, दुकानदार म्हणाला घालत रहा, पायच ठरवतील. आणि खरंच, आता अदलाबदल झाली की दोन पावलांत कळतं!

–

आमच्या सासूबाई पटियालाच्या. नवी जुत्ती आली की टाचेच्या आतल्या कडेला मोहरीचं तेल चोळून रात्रभर ठेवायची आणि मग जाड मोजे घालून घरातच मिरवायचं, हा त्यांचा नियम. तेल बोटाने आतूनच लावायचं बरं का, वरच्या तिल्ल्याच्या, म्हणजे जरीच्या दोऱ्याच्या कामाला लागलं तर डाग जात नाही. आणि घेताना किंचित घट्टच घ्या, चामडं सैलावतं, आधीच ऐसपैस घेतली तर पुढे फटक फटक करत चालावं लागतं.

–

माझ्या लग्नात मोजडीने टाच सोलून काढलेली, त्यात करवल्यांनी ती पळवली. सगळे मला घासाघीस कर म्हणतायत आणि मी मनात, न्या गं बायांनो, सावकाश द्या! पैसे मात्र मोजावे लागलेच.

–

मुंबईकरांनो, पावसाळ्याचं काय करता? राजस्थानच्या कोरड्या हवेतली वस्तू ती, इथे जुलैत डबा उघडला तर जरीच्या खाचाखाचांत पांढरी बुरशी. मऊ कोरड्या ब्रशने हळूहळू काढली, सावलीत वाळवली. आता आत कागदाचे बोळे आणि वरून सुती कापड, प्लास्टिकची पिशवी अजिबात नाही.

–

ऑनलाइन घेणाऱ्यांनी तळाचा फोटो मागवा. वरून सगळ्याच चमकतात, खाली बघितलं की रेक्झिन आणि फोम. जुन्या पद्धतीची जोडी बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याची असते, तळ जाड सुती दोऱ्याने हाताने शिवलेला, खिळा नाही. बऱ्याच कारागीर घरांत कापणं-शिवणं पुरुष करतात आणि भरतकाम बायका, त्यामुळे भाव करताना जरा घरकाम सांभाळून भरतकाम करणाऱ्या बाईचा विचार करा. मी तर नवी जोडी आधी कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडे नेते, पातळ रबरी सोल लावून घेते, हॉलच्या गुळगुळीत फरशीवर घसरायला होत नाही.

–

एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी? नऊवारीवर आपली कोल्हापुरी घाला की, २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय तिला.

–

काका, घालतो की. पण चावते तीही, फक्त अंगठ्यापाशी 😄