हनुवटीवरचे केस, काळी मान, विरळ भांग: आपापले अनुभव लिहा

अँड्रोजेन ही संप्रेरके पुरुषी म्हणून ओळखली जात असली तरी ती प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडी असतातच. ती वाढली, किंवा केसांची मुळे त्यांना अधिक दाद देऊ लागली, की आपण पार्लरमध्ये दडवतो ते सारे सुरू होते. पहिला अनुभव माझाच लिहिते.

नववीत माझी मान काळवंडू लागली. मी नीट आंघोळ करत नाही असे वाटून आई दर रविवारी डाळीचे पीठ आणि लिंबू लावून ती लाल होईपर्यंत घासत असे. पुढे पाळी तीन-तीन महिने लांबू लागली, हनुवटीवर राठ केस आले, तेव्हा डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या आधी मानच पाहिली. तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण होती, आणि रक्तात इन्सुलिन वाढले की अंडाशये जास्त अँड्रोजेन बनवतात. निदान पीसीओएसचे, म्हणजे अंडाशये आणि संप्रेरकांच्या बिघाडाच्या विकाराचे, झाले. परतताना रिक्षात आई एक शब्द बोलली नाही. त्या रविवारी पिठाचा डबा फडताळातच राहिला.

—

मी अँड्रोजेनचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध दोन महिन्यांत कंटाळून सोडले, ही माझी चूक. केसाचे चक्र लांब असल्याने फरक कळायला निदान सहा महिने लागतात, आणि गर्भाला धोका असल्याने औषध चालू असताना दिवस राहू नयेत याची काळजी घ्यावी लागते, हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले. लेझरने काळे केस बरेच कमी झाले. पांढऱ्यांवर त्याचा उपयोग होत नाही, त्यामुळे ते चार अजून चिमट्यानेच निघतात.

—

माझे सगळे चार महिन्यांत घडले. दाढीसारखे केस आले, आवाज घोगरा झाला. फोनवर लोक ‘सर’ म्हणू लागले. टेस्टोस्टेरॉन हे अँड्रोजेन फार वाढलेले निघाले आणि स्कॅनमध्ये मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथीवर गाठ दिसली. शस्त्रक्रियेनंतर केस कमी झाले, आवाज मात्र तसाच आहे. इतक्या झपाट्याने बदल होत असतील तर कृपया पार्लर नव्हे, डॉक्टर गाठा.

—

माझा रिपोर्ट नॉर्मल आला होता, कारण रक्त दिले तेव्हा मी पाळी नियमित करायच्या संप्रेरकांच्या गोळ्या घेत होते आणि त्या गोळ्या अँड्रोजेन दाबतात, हे मला कुणी विचारलेच नाही. तोवर भांग इतका रुंद झाला होता की तो मधून पाडणे मी सोडून दिले होते.