जॅझची सुरुवात ‘काइंड ऑफ ब्लू’नंच काऊन?

जागल्या, आर्वी:
कोणी विचारलं, ‘जॅझ ऐकायचं आहे, कुठून सुरू करू?’, की आपल्यातले जुने ऐकणारे डोळे झाकून ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ सांगून मोकळे होतात. १९५९चा अल्बम, मोठाच आहे, वाद नाही. पण आपल्याकडच्या नव्या पोरांना तो आधी देऊ नये. त्यांना तो थंड लागतो. माझ्या चुलतभावांनी तो मागं लावून ठेवला अन् सोयाबीनच्या भावावर गप्पा ठोकल्या.

त्यापेक्षा जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ द्या. डिसेंबर १९६४चं रेकॉर्डिंग, चार भाग, जेमतेम ३३ मिनिटं. सुरुवातीलाच जिमी गॅरिसन बासवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, चार सुरांची ओळ धरतो. पुढं कोल्ट्रेन सॅक्सोफोन बाजूला ठेवून तीच ओळ तोंडानं म्हणायला लागतो, पुन्हा पुन्हा. लहानपणी मोझरीला खंजिरीवरचं भजन ऐकलेल्याला हे काय चाललंय ते समजावून सांगावं लागत नाही. शेवटच्या भागात तर त्यानं स्वतः लिहिलेली प्रार्थना शब्दागणिक सॅक्सोफोनवर म्हटली आहे. इतकं उघडं वाजवणं माइल्सच्या स्वभावातच नव्हतं.

पेटीमास्तर, दारव्हा:
भाऊ, नाही पटलं. ‘काइंड ऑफ ब्लू’मधली पहिलीच रचना ‘सो व्हॉट’ पेटीवर काढून पाहा. सरळ काफीचे स्वर, गंधार-निषाद कोमल. बास ओळ टाकतो, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. बुवानं म्हणायचं अन् मागच्यांनी उचलायचं, हे भजनातलंच नाही का? प्रत मात्र १९९२नंतरची घ्या. मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी मशीन हळू फिरलं, त्यामुळं आधीच्या प्रतींत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जराशा चढ्या वाजतात. पेटी जुळत नाही.

जागल्या:
काफी कबूल. पण सोळा बार (चार-चार मात्रांचे खंड) झाले की सगळं अर्ध्या सुरानं वर सरकते, आठ बारांनी परत खाली. आपला कान सा धरून बसलेला. पोरगं तिथंच गळते.

पेटीमास्तर:
अन् तुमचा कोल्ट्रेन? ती चार सुरांची ओळ तो बाराही पट्ट्यांत फिरवून आणतो. त्यानं सा हलवला तर भक्ती, माइल्सनं हलवला तर पोरगं गळते? हा कोणता न्याय?

जागल्या:
तिथवर ओळ अंगात भिनलेली असते, मास्तर. मग ती कुठंही नेली तरी माणूस मागं जाते.

पांदण, कळंब:
तुम्ही दोघंही घरात बसून ऐकून राहिले. मी जागलीवर ऐकतो. कानात काही घालता येत नाही, रानडुक्कर तुरीत शिरलं तर कळलं पाहिजे. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या पॉल चेंबर्सचा बास गायब, गॅरिसनचाही गायब. दोन्ही अल्बमचं मूळच गेलं ना! मचाणावर चालतो तो कीथ जॅरेटचा एकट्याच्या पियानोचा ‘कोल्न कॉन्सर्ट’. २४ जानेवारी १९७५ला त्याला भलताच पियानो मिळाला होता. लहान, वरचे सूर पातळ, खर्जात दम नाही. म्हणून गडी बराचसा मधल्या पट्टीतच खेळला, डाव्या हातानं ठेका घोळवत. नेमकं तेवढंच फोनमधून नीट येते. डुकरांनाही आवडत असावं, पळत नाहीत.

कपाशीवाली, वणी:
पांदणभाऊ, डुकरं पळत नसतील तर कोल्ट्रेनच्या ड्रमवाल्या एल्विन जोन्सचे ड्रम लावा.
बाकी तुमच्या तिघांच्याही यादीत ताल कुठंच नाही. मी सातवीच्या वर्गात डेव्ह ब्रुबेकच्या ‘टाइम आउट’मधलं ‘ब्लू रोंडो’ लावलं. नऊ मात्रा, पण दोन-दोन-दोन-तीन. अशी तीन आवर्तनं झाली की चौथं तीन-तीन-तीन. ब्रुबेकनं हा ताल तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून उचलला. पोरांनी बाक बडवून दोनदा ऐकल्यावर तो बरोबर पकडला. सा, पट्टी, काही सांगावं लागलं नाही.

जागल्या:
बाई, ती मोजामोजीची कसरत झाली. पॉल डेस्मंडचा सॅक्सोफोन सोडला तर त्या अल्बममध्ये जीव कुठं गुंततो?

कपाशीवाली:
कसरत तर कसरत. दुसऱ्या दिवशी पोरं ‘बाई, ते नऊवालं लावा’ म्हणून मागं लागली.

जागल्या:
एकदा ‘अ लव्ह सुप्रीम’ पूर्ण लावून पाहा, मग बोला.

कपाशीवाली:
तासिका ३५ मिनिटांची, त्यातच हजेरी. पहिला भाग लावते.