थुंकी की बेडका?

तिरफळ:
क्षयरोगाच्या तपासणीचं पत्रक मराठीत आणतेय आणि पहिल्याच ओळीला अडलेय. 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या.' जिथे तिथे थुंकीच लिहितात. पण थुंकी म्हणजे तोंडातलं पाणी, आणि तपासायचा असतो छातीतून सुटलेला बेडका. मी बेडका लिहिलं, तर मसुदा वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, "शी, हे छापायचं नाही."

माझा हट्ट उगाच नाही. बाबांना डबी देऊन सांगितलं होतं, सकाळची थुंकी आणा. ते शिस्तीचे. चूळ भरली आणि डबीत थुंकले. पातळ पाणी, वर बुडबुडे. रिपोर्ट निगेटिव्ह, आम्ही निर्धास्त. पाच आठवड्यांनी दुसरीकडे नेलं. तिथल्या तंत्रज्ञाने स्वतः उभं राहून दाखवलं: दोन-तीनदा खोल श्वास घ्या, जरा धरून ठेवा, मग पोटापासून खोका. आता आलं ते घट्ट, पिवळसर. डबी तिरकी केली तरी जागचं हलेना. रिपोर्ट २+, म्हणजे पॉझिटिव्ह. शब्द सुचवा.

काचपट्टी:
लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. लाळेची पट्टी भिंगाखाली लगेच ओळखू येते: गालाच्या आतल्या चपट्या पेशी भरपूर, पू-पेशी जवळजवळ नाहीत. चांगल्या नमुन्यातसुद्धा मिलीलीटरमागे साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात, तेव्हा कुठे रंगवलेल्या पट्टीत निळ्यावर गुलाबी काड्या, म्हणजे जंतू, सापडतात. म्हणून निगेटिव्ह म्हणजे 'रोग नाही' असं नव्हे. 'या नमुन्यात दिसले नाहीत', एवढंच. बेडकाच लिहा.

शमीपत्र:
संस्कृतात 'ष्ठीवन' आहे, 'श्लेष्मा' आहे. सभ्य शब्द असताना बेडका कशाला? पत्रक शाळेतही वाटतील.

नांगरट:
शमीपत्र, ष्ठीवन वाचून आमच्या नांदेडकडचा माणूस डबीत काय आणेल सांगा! आमच्याकडे बलगम म्हणतात, जुनी माणसं खाकरा म्हणतात.

चाफेकळी:
साधा 'कफ' का नको?

काचपट्टी:
कारण 'कफ सिरप'मुळे पुष्कळांना कफ म्हणजे खोकलाच वाटतो. शिवाय "माझी कफप्रकृती आहे" म्हणणारे वेगळेच.

चाफेकळी:
बेडका हा बेडकावरूनच आला असणार असं मला लहानपणापासून वाटतं. गिळगिळीत, टुणकन बाहेर पडणारा. दंडाच्या फुगवट्याला बेडकुळी म्हणतोच की.

शमीपत्र:
नुसत्या साम्यावर व्युत्पत्ती बांधू नये. बेडूकचं 'बेडकाला' होतं, बेडकाचं 'बेडक्याला'. दोन शब्द वेगळे चालतात.

चाफेकळी:
असो. मला तर 'सकारात्मक' जास्त खटकतं. करोनात आत्याला कळवलं, "काकांचा अहवाल सकारात्मक आला", तर तिने देवापुढे साखर ठेवली. खरं काय ते सांगताना मला रडू आलं.

नांगरट:
म्हणूनच पॉझिटिव्ह म्हणावं. तो आता मराठीच शब्द आहे, त्याला गावात कुणी चुकत नाही.

शमीपत्र:
असं म्हणत म्हणत सगळंच सोडून द्यायचं का? 'होकारार्थी'ला काय हरकत आहे? वापरलाच नाही तर रुळणार कसा?

काचपट्टी:
होकार कुणी कुणाला दिला? 'जंतू आढळले', 'जंतू आढळले नाहीत'. अहवालात हेच लिहावं. सगळे मराठी शब्द आहेत आणि अर्थाला फाटे फुटत नाहीत.

शमीपत्र:
'आढळले' मान्य. पण २+ला काय म्हणाल? तो आकडा कुणीच समजावून सांगत नाही.

काचपट्टी:
भिंगाखालच्या दर क्षेत्रात, म्हणजे एका वेळी दिसतो तेवढ्या भागात, एक ते दहा जंतू. दहाच्या वर गेले की ३+. शंभर क्षेत्रांत मिळून नऊपर्यंतच दिसले, तर 'स्कँटी' लिहून आकडा देतात. 'तुरळक' चालेल.

शमीपत्र:
'विरळ' अधिक नेमका. तुरळक पाऊस असतो.

तिरफळ:
पत्रक उद्या छपाईला जायचंय. तूर्त 'छातीतून खोकून काढलेला बेडका (थुंकी नव्हे)' असं लिहिलंय. बाई अजून नाहीच म्हणताहेत.

नांगरट:
आईला आत्ताच विचारलं. ती म्हणते, बेडका टाकतात, खाकरा काढतात. मग 'खाकरा काढून आणा' का नको?

चाफेकळी:
पुण्यात खाकरा चहाबरोबर खातात हो!