फ्रंट कॅमेऱ्यात आजीचं गोंदण गायब होतंय, सेटिंग काय करू?

माणदेशी_मुलगी
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज. माझी आजी ८४ वर्षांची आहे, सांगोल्याजवळच्या गावात राहते, मी नोकरीला पुण्यात. दिवाळीत गावी गेले तेव्हा पाडव्याला तिने हौसेनं नऊवारी नेसली, नथ घातली आणि मला म्हणाली ये दोघींचा फोटू काढू. दुपारी घरात आम्ही दोघीच होतो त्यामुळे सेल्फीच काढला, सात-आठ काढले. नंतर तिला मोठा करून दाखवला तर तिने फोन डोळ्याजवळ नेला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "माझं गोंदण कुठं गेलं गं?"

खरंच नव्हतं. तिच्या कपाळावर दोन भुवयांच्या मधे ठिपके आहेत आणि हनुवटीवर तीन, लहानपणी जत्रेत गोंदणारणीकडून करून घेतलेले, आता हिरवट-निळे झालेत. फोटोत कपाळ एकदम गुळगुळीत, सुरकुत्या पण नाहीत. आजी नेहमी सांगते की मेल्यावर अंगावरचे दागिने काढून घेतील, गोंदण तेवढं संगती येतं. आणि माझ्या फोनने तेच पुसून टाकलं, मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

अजून पण गडबडी आहेत. आम्ही दोघी सावळ्या आहोत, फोटोत पीठ फासल्यासारख्या पांढऱ्या दिसतोय. माझं नाक आहे त्यापेक्षा मोठं आलंय. आणि नथ उजव्या नाकपुडीत दिसतेय, आजी तर डावीकडेच घालते. फोन १५ हजाराच्या आतला आहे, दीड वर्ष झालं घेऊन, सेटिंगला मी कधी हातच लावलेला नाही. पुढच्या शनिवारी परत जातेय गावी. मागच्या कॅमेऱ्याने काढ असं सांगू नका कारण आजीला स्क्रीनमधे स्वतःला बघत बघत फोटो काढायला आवडतं, तिच्यासाठी अर्धी मजा तीच आहे.

निवांत_नाशिककर
ब्युटी मोड चालू आहे तुमचा. बऱ्याच फोनमधे विकत घेतल्यापासूनच चालू असतो, आपण लावायची गरज नसते. फ्रंट कॅमेरा उघडा, कडेला जादूच्या कांडीचं नाहीतर चेहऱ्याचं चिन्ह असेल त्यावर दाबा, मग स्मूद, स्किन टोन, चेहरा बारीक, डोळे मोठे असे स्लायडर येतील, सगळे शून्यावर न्या. एक लक्षात ठेवा, साधा फोटो, पोर्ट्रेट आणि नाइट मोड यांचं ब्युटी काही फोनमधे वेगवेगळं असतं, म्हणजे फोटोत बंद केलं तरी पोर्ट्रेटमधे चालूच राहतं. तिन्हीकडे जाऊन बघा. आणि ॲप बंद करून परत उघडून पण बघा, काही फोनमधे परत पहिल्यासारखं होतं, तसं असेल तर सेटिंगमधे आधीची सेटिंग लक्षात ठेवा असा पर्याय शोधायचा.

तुमच्या आजींचं वाक्य वाचून माझ्या आईची आई आठवली, तिच्या हातावर तुळशीवृंदावन होतं.

चकलीपात्र
मी तर थोडं ब्युटी ठेवते बाई, २०-३० टक्के, सणाला काढलेला फोटो जरा छान दिसला तर काय बिघडलं. सगळं शून्य केलं की माझा चेहरा थकलेला येतो.

निवांत_नाशिककर
@चकलीपात्र ताई तुमच्या स्वतःच्या फोटोला तुम्ही ठेवा की, तुमची आवड. पण इथे अडचण अशी आहे की त्या सॉफ्टवेअरला पुटकुळी, डाग आणि गोंदण यातला फरक कळत नाही, त्वचेवर वेगळ्या रंगाचा ठिपका दिसला की तो पुसायचा एवढंच त्याला ठाऊक. वीस टक्क्यालासुद्धा इतके बारीक ठिपके पुसट होणार.

आणि हे डिफॉल्ट चालू ठेवायलाच पाहिजे असंही नाही, गूगलने २०२० मधे त्यांच्या पिक्सेल ४ए फोनपासून फेस रिटचिंग आपणहून बंद ठेवून द्यायला सुरुवात केली, ज्याला हवं त्याने चालू करावं. सगळ्यांनी असं करायला हवं असं माझं ठाम मत आहे.

साखरपुड्याची_गडबड
नथीचं मी सांगते, कारण माझ्या साखरपुड्याच्या सगळ्या सेल्फीत हाच घोळ झाला होता, मागच्या बॅनरवरची नावं पण उलटी आली होती 😭 फ्रंट कॅमेरा आपल्याला आरशासारखं दाखवतो, ते ठीक आहे कारण आपल्याला आरशाचीच सवय असते. पण फोटो सेव्ह होतानाही तो आरशातलाच सेव्ह झाला की डावं उजवं होतं, नथ दुसऱ्या नाकपुडीत, पदर दुसऱ्या खांद्यावर. सॅमसंगमधे कॅमेरा सेटिंगमधे सेव्ह सेल्फीज ॲज प्रिव्ह्यूड असं असतं ते बंद करायचं. आयफोनमधे सेटिंग्ज, मग कॅमेरा, तिथे मिरर फ्रंट कॅमेरा, ते बंद. बाकी फोनमधे मिरर सेल्फी किंवा मिरर फोटो अशा नावाने सापडेल.

बंद केल्यावर पहिले दोन दिवस स्वतःचा चेहरा वाकडा वाटेल, केसाचा भांग भलतीकडे दिसेल. घाबरू नका, बाकीचे लोक आपल्याला तसंच बघतात. जुने फोटो डिलीट करू नका, गॅलरीत एडिटला जाऊन आडवं फ्लिप केलं की सरळ होतात.

माणदेशी_मुलगी
खूप थँक्यू सगळ्यांना 🙏 मिररचं सापडलं, बंद केलं. ब्युटी पण सापडलं, स्मूद ६० वर होतं आणि स्किन टोन ४० वर, मी कधीच लावलं नव्हतं! सगळं शून्य केलं. काल रात्री रूमवर ट्यूबलाइटखाली ट्राय केलं, माझ्या गालावर एक तीळ आहे तो आता दिसतोय पण डागासारखा, कडा नाहीत त्याला. आजीचे ठिपके तर फिकट झालेत, ते या हिशोबाने कितपत येतील? अजून काही सेटिंग राहिलंय का?

उजेडवाला
ताई सेटिंग राहिलेलं नाही, उजेड राहिलाय. मी बार्शीत २२ वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, थोडं सविस्तर लिहितो.

समोरच्या कॅमेऱ्याचा सेन्सर मागच्यापेक्षा सहसा छोटा असतो, म्हणजे तो उजेड कमी गोळा करतो. रात्री घरात काढला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात, त्याला नॉइज म्हणतात, आणि फोन ते दाणे घालवण्यासाठी सगळंच थोडं थोडं सारवतो. त्या सारवण्यात तीळ, पापण्या, साडीचे काठ, सगळ्याची धार जाते. ब्युटी शून्य केलं तरी हे सारवणं चालूच राहतं, त्याला बंद करायचं बटण साध्या कॅमेऱ्यात नसतं. सावळ्या त्वचेवर फिकट हिरवा ठिपका म्हणजे रंगात फरक आधीच कमी, तो पहिला जातो. यावर एकच उपाय, फोनला इतका उजेड द्या की दाणेच येणार नाहीत.

गावचं घर आहे म्हणजे सोपा (पुढची खोली) असेल, दार असेल. आजींना दाराच्या आत दोन-तीन फुटांवर बसवा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे, तुम्ही शेजारी, फोन दाराच्या बाजूला. दाराकडे पाठ करून अजिबात बसू नका, चेहरे काळे पडतील आणि फोन ते उजळवायला जाऊन पुन्हा पांढरेफटक करेल. सकाळी नऊ-दहाला किंवा दुपारी चारनंतर काढा. उन्हात बसवू नका, डोळे बारीक होतात आणि कपाळ चकाकतं. आणि हो, आजी तोंडाला खोबरेल लावत असतील तर फोटोआधी पदराने कपाळ आणि हनुवटी हलकेच टिपून घ्या. तेलाची चमक म्हणजे पांढरा डाग, आणि नेमका तोच गोंदणावर बसतो. हे मी माझ्या स्वतःच्या आईचा फोटो काढताना शिकलो.

दोघींच्या मांडीवर एखादं पांढरं धुतलेलं धोतर किंवा चादर पसरा, फोटोत येणार नाही इतक्या खाली. त्यावरून उजेड वर चेहऱ्यावर येतो आणि डोळ्याखालची, हनुवटीखालची सावली उठते. लग्नात आम्ही यासाठी मोठा पांढरा रिफ्लेक्टर वापरतो, काम तेच.

आता रंगाचं. स्क्रीनवर आजींच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, बाजूला छोटा सूर्य येईल, तो थोडा खाली ओढा. फारसा नाही, आजींच्या गालाचा रंग स्क्रीनवर आणि समोर सारखा दिसेपर्यंत. बोट थोडा वेळ दाबून धरलं तर बऱ्याच फोनमधे ते लॉक होतं, मग तुम्ही हाललात तरी बदलत नाही. सावळा रंग उजळवायची गरज नसते हो, तो आहे तसा आला की फार सुंदर येतो. माझ्या निम्म्या नवऱ्या मुली सावळ्या असतात आणि घरचे येऊन सांगतात जरा गोरी करा, मी करत नाही.

कोकणकडा_९
नाकाचं कुणी सांगितलं नाही अजून. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही, अंतराचा आहे. फोन एक फुटावर धरला की नाक लेन्सच्या जवळ आणि कान लांब, मग जवळचं मोठं दिसणारच. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मधे याचं गणित मांडलं होतं, १२ इंचावरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी जवळजवळ ३० टक्के जास्त दिसते आणि ५ फुटांवरून काढला तर फरक पडत नाही. लोक असले फोटो घेऊन नाकाचं ऑपरेशन करा म्हणून सर्जनकडे जायला लागले होते म्हणून त्यांनी ते केलं.

त्यामुळे फोन हातात धरूच नका. कोनाड्यात किंवा स्टुलावर तांब्याला टेकवून उभा करा, स्क्रीन तुमच्याकडे, चार-पाच फूट लांब, आणि १० सेकंदाचा टायमर. किंवा सेटिंगमधे तळहात दाखवून फोटो असं असेल तर ते चालू करा, हात दाखवला की दोन-तीन सेकंदात निघतो. आजींना स्क्रीनमधे दिसत राहील. नंतर कडेचा भाग कापून टाका. फोटोच्या कडेला बसलं की चेहरा ताणला जातो, म्हणून आजींना मधे घ्या. पोर्ट्रेट मोड नको, मागचं धूसर करताना तो नथीचा आकडा आणि गजरा कापतो.

आणि सगळ्यात आधी लेन्स पुसा! दीड वर्षाची स्क्रीनगार्ड असेल तर लेन्सवरच्या भागात तेलकट थर असतोच.

साखरपुड्याची_गडबड
एक छोटी ट्रिक, वयस्कर माणसं स्क्रीनमधे स्वतःकडे बघतात आणि फोटोत नजर खाली येते. लेन्सच्या अगदी शेजारी एक लाल टिकली चिकटवा आणि आजीला सांगा टिकलीकडे बघ. लेन्सवर नको, शेजारी 😀 आमच्या घरी दर वेळी हेच करतो.

माणदेशी_मुलगी
मंडळी, आज सकाळी काढला. घाईत सगळं लिहितेय कारण एसटीत बसलेय.

सोप्यात दाराच्या आत बसवलं आजीला, फोन धान्याच्या कोठीवर तांब्याला टेकवला, मांडीवर आजोबांचं धोतर पसरलं (ते तिनेच पेटीतून काढून दिलं, बराच वेळ हातात धरून बसली होती). तेल टिपलं. टिकली लावली तर म्हणाली फोनला कुंकू कशाला लावतीस. सूर्याचं चिन्ह थोडं खाली घेतलं. पहिले चार-पाच हलले, मग तिला तळहात दाखवायचं कळलं आणि नंतर तीच काढत सुटली, एकूण ३८ फोटो झालेत.

एक असा आलाय की काय सांगू. कपाळावरचे ठिपके सगळे दिसतात, मधला मोठा आणि बाजूचे बारीक. हनुवटीवरचे तीन, त्यातला एक सुरकुतीत अर्धा आत गेलाय तो पण दिसतो. रंग आमचा आमचाच आहे. नथ डावीकडे. मोठा करून दाखवला तर तिने स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ठिपका मोजला, बोट लागलं की फोटो सरकायचा, मी परत आणून द्यायचे. मग म्हणाली हां, आता मीच हाय.

आता याची मोठी प्रिंट काढून फ्रेम करायची आहे. घरच्या ग्रुपवर टाकलाय, गावातला स्टुडिओवाला म्हणाला तिथून मला फॉरवर्ड करा.

उजेडवाला
ताई वाचून फार बरं वाटलं. पण ग्रुपवरचा फोटो देऊ नका, व्हॉट्सॲप तो छोटा करतं. एचडी निवडून पाठवला तरी मूळ फाइल राहत नाही. ॲटॅचमधे जाऊन डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर फोनच केबलला लावून द्या. आणि स्टुडिओवाल्याला स्पष्ट सांगा, टचिंग करायचं नाही. आमच्या धंद्यात म्हाताऱ्या माणसांचा फोटो फ्रेमसाठी आला की न विचारता चेहरा साफ करून देतात, गिऱ्हाईक खूश होतं म्हणून. पहिल्या झटक्यात कपाळ गुळगुळीत करतील.

माणदेशी_मुलगी
अरे देवा, बरं झालं सांगितलंत दादा, मी निघताना भावाला पैसे देऊन आलेय प्रिंटसाठी. आत्ताच फोन करते त्याला.