‘बटूम!’मधलं काय घ्यावं, काय टाकावं? (देवगिरीवरच्या कॉमिकसाठी)

देवगिरी_भिडू, छत्रपती संभाजीनगर
आम्ही तिघं मिळून मराठीत एक डेथ गेम कॉमिक करायलो, म्हणजे जीवावरच्या खेळाची गोष्ट. जागा दौलताबादचा किल्ला, खेळणारे 16, शस्त्र म्हणून फक्त बॉम्ब. समोर नमुना ‘बटूम!’चा: जुन्या इनोउए नावाच्या जपानी चित्रकथाकाराची गोष्ट, बेटावर सोडलेली माणसं एकमेकांना बॉम्बनं मारतात. ॲनिमे (कार्टून मालिका) पाहून झालाय, मांगा (मूळ जपानी कॉमिक) 26 खंडांची आहे. जाणकारांनी सांगावं: तिचा जोर कशात आहे, ती कुठं ढासळते, आणि तेच नियम किल्ल्यावर चालतील का? ‘भारी आहे, वाच’ एवढ्यावर सोडू नका राजेहो.

गोदाकाठ, नांदेड
सगळा जोर आठ या आकड्यात आहे. प्रत्येकाच्या डाव्या हातात चिप, आणि आठ चिपा जमवल्या की बेटावरून सुटका. आपली एक धरली तर सात जणांचा जीव. ‘बॅटल रॉयाल’ या दुसऱ्या जपानी डेथ गेममध्ये 42 पोरांतून एकच वाचायचा, म्हणून तिथं दोस्तीचा शेवट आधीच ठरलेला. इथं दोघं खरोखर सोबत सुटू शकतात, फक्त 16 चिपा लागतात. म्हणजे एक माणूस जवळचा झाला की आणखी सात मुडदे हिशोबात आले. हा नियम लिहिणाऱ्याला फुकटात नाट्य देतो.

पण तुमचे खेळाडूच 16. सोळा भागिले आठ, दोन सुटणार, तेही एकही चिप वाया गेली नाही तर. एक जरी खंदकात पडली तरी दुसऱ्याचा रस्ता बंद. वाचक हे तिसऱ्या प्रकरणात मोजून मोकळा होईल. आठाच्या जागी पाच करा: तिघं सुटतात आणि एक चिप शिल्लक राहते. त्या एका चिपेवर अख्खा खंड काढता येईल.

दुसरी गोष्ट बॉम्बची. आदळून फुटणारा, टायमरवाला, पाठलाग करणारा, वायूवाला. प्रत्येकात एक उणीव मुद्दाम ठेवलेली आहे. टायमरचे दहा सेकंद मोकळ्यात लै होतात, समोरचा उचलून परत फेकतो. मग हातात धरून सात-आठपर्यंत मोजायचं आणि मग सोडायचं. आदळणाऱ्याला मोजावं लागत नाही, पण तो पायाशी निसटला की खेळ खलास. कोणाकडं काय आहे यावरून लढाईचा रागरंग ठरतो, ताकदीवरून नाही. म्हणूनच तिथला 22 वर्षांचा बेकार नायक टिकतो हे पटतं. बॉम्बफेकीचा हाच ‘बटूम!’ खेळ त्याने ऑनलाइन हजारदा खेळलेला असतो.

कापूसकोंड्या, परभणी
वरचं मान्य, पण दोष झाकू नका. पहिला आणि सगळ्यात मोठा: बायकांवरचे अत्याचार. नायिकेला पुरुषांची भीती का बसली हे सांगायला एक प्रसंग पुरला असता. इनोउए तेच पुन्हा पुन्हा वापरतो, आणि भीती दाखवायची तिथं चित्राची नजर तिच्या अंगावरून फिरते. वाचक तिच्या बाजूला उभा राहायच्या ऐवजी बघ्या होतो. हे तर अजिबात घेऊ नका.

दुसरा दोष, खेळ चालवणारी कंपनी. खेळाडू का आले याचं कारण सुरुवातीला झकास आहे: कोणाला तरी ते नकोसे झाले आणि त्याने नाव कळवलं. बस, तेवढ्यावर भागतं. पुढं कंपनीचे कट, बाहेरची माणसं असा पसारा वाढत जातो आणि आठाचं गणित मागं पडतं. ‘गँट्स’ या मांगालाही हीच बाधा झाली, फक्त वेगळ्या वाटेनं. तिथं 100 गुणांत मेलेल्याला परत आणता येतं. एकदा ते कळलं की कोणी मेलं तरी काळजात धस्स होत नाही. आणि शेवट! 26वा खंड ‘लाइट’ आणि ‘डार्क’ अशा दोन आवृत्त्यांत निघाला. काहींना ती गंमत वाटते. मला विचाराल तर ती निर्णय टाळायची पळवाट आहे.

नियम कसे मांडावेत हे ‘काइजी’ या जुगारावरच्या मांगात बघा, जहाजावरच्या दगड-कात्री-कागदाचा डाव. प्रत्येकाला 12 पत्ते, पणाला लावायला तीन तारे, चार तास, आणि कोणते पत्ते किती उरले हे सगळ्यांना दिसतं. खेळाडूइतकंच वाचकालाही ठाऊक, म्हणून डोकं लढवता येतं.

चिरेबंदी, खुलताबाद
किल्ल्याचं सांगते. बेट पसरट, दौलताबाद उभा. सुमारे 200 मीटरचा डोंगर, कडे तासलेले, खंदकावरून एकच पूल, पुढं अंधारी (वर चढणारा काळोखा बोगदा), मग पायऱ्या, मग बारादरी (वरचा महाल). तुमचा नियम इथं पहिल्या तासात मोडेल: जो आधी अंधारीच्या वरच्या तोंडाशी पोचेल तो बसून राहील. खालून फेकलेला गोळा पायऱ्यांवरून घरंगळत फेकणाऱ्याकडंच येणार, वरच्याला नुसता सोडून दिला तरी पुरे. आणि बंदिस्त बोगद्यात स्फोटाचा दाब कुठं जाणार? फेकणाराही वाचत नाही. वायूवाला कुणाच्या हाती लागला तर विचारूच नका. किल्ला बांधणाऱ्यांनी तेच ओळखलं होतं. वरच्या तोंडावर लोखंडी झडप आणि तिच्यावर आग पेटवायची सोय होती.

तोडगा: जेवण-पाणी आणि नवे बॉम्ब रोज खाली, हत्ती हौदापाशी टाका. वर बसणाऱ्याला पूल ओलांडून उतरावंच लागेल. बाकीचे कुठं आहेत ते दाखवणारं रडार ठेवणार असाल तर ते वापरणाऱ्याचाही ठावठिकाणा उघड झाला पाहिजे.

आणि नकाशा पहिल्या पानावर. बाहेरच्या प्रत्येक मोठ्या चौकटीत किल्ल्यातला उंच चांदमिनार कुठंतरी दिसू द्या, म्हणजे कोण कुठल्या बाजूला आहे ते न सांगता कळेल.

देवगिरी_भिडू
पाच चिपा पक्क्या, हौदाचंही घेतलं. एक विचारायचं राहिलं: मांगा उजवीकडून वाचतात, आपण डावीकडून. चौकटींची मांडणी आरशासारखी उलटवून घेतली तर जमेल का?

गोदाकाठ, नांदेड
कच्च्या आराखड्यापुरतं ठीक. पण नीट बघा, उलटवलं की डाव्या हातातली चिप उजव्या हातात जाते आणि सगळे डावखुरे होतात. त्यापेक्षा आधी फेकणारा कुठं आणि बॉम्ब कुठं जातो एवढंच ठरवा: फेकणारा डावीकडं, स्फोट उजवीकडच्या शेवटच्या चौकटीत, म्हणजे पान उलटल्यावर काय झालं ते दिसेल. ‘धडाम्’ची अक्षरं चित्रासोबतच हातानं काढा, नंतर फाँटनं चिकटवू नका.