शमुवेल नावाचा नेमका अर्थ काय? पत्रिकेवर छापायचाय

मिरजवाला: पुतण्याचं नाव शमुवेल ठरलंय, पुढच्या रविवारी बाप्तिस्मा आहे, भावाला पत्रिकेत नावाखाली अर्थ पण पाहिजे. गूगलवर एक साईट म्हणते 'देवाने ऐकले', दुसरी म्हणते 'देवाचे नाव' आणि आमची आत्या म्हणते 'देवाकडं मागितलेला'. प्रेसवाला संध्याकाळपर्यंत मॅटर द्या म्हणून मागं लागलाय, कुणाला माहीत असेल तर सांगा की.

कृष्णाकाठ: आत्यांचं बायबलला धरून आहे. हन्नाला मूल नव्हतं, सवत टोमणे मारायची. शिलोच्या मंदिरात ती रडत नुसते ओठ हलवून प्रार्थना करत होती तर एली याजकाला वाटलं बाई पिऊन आलीय! मुलगा दे, तुलाच वाहीन असा नवस बोलली, झाल्यावर परमेश्वराकडं मागितला म्हणून हे नाव ठेवलं. १ शमुवेल १:२० बघा. पुढं इस्राएलचे राजे शौल आणि दावीद दोघांचा अभिषेक यानंच केला.

शब्दवेडा सांगली: गोष्ट खरी, पण नाव त्यातनं निघत नाही ओ. हिब्रूत मागणे म्हणजे शाअल, त्यावरनं येतं ते शौल. त्याच अध्यायात २८ व्या वचनात हन्ना पोराबद्दल जो शब्द वापरते तो मूळ हिब्रूत चक्क 'शाऊल' आहे, म्हणजे शौल राजाचंच हिब्रू नाव, म्हणून काही अभ्यासक म्हणतात ही आधी शौलाच्याच जन्माची गोष्ट असणार. 'ऐकले' पण कच्चंच, ऐकणे म्हणजे शमा, त्यात ऐन हे घशातलं अक्षर लागतं, शमुवेलमध्ये ते नाही, इश्माएलमध्ये आहे. मिरजेत दर्ग्याजवळ इस्माईल म्हणून हाक मारा, चारजण वळून बघतील, 'देव ऐकतो' हा अर्थ त्यांचा. शेम म्हणजे नाव, एल म्हणजे देव, माझं मत 'देवाचे नाव' यालाच.

अलिबागचा जावई: अवांतर, पण कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू लोकांनी या नावाचं पार मराठी करून टाकलंय, सामाजी! १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) बांधणारे सॅम्युअल (शमुवेलचंच इंग्रजी रूप) इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. तिथल्या सॅम्युअल स्ट्रीटला नाव त्यांचंच.

मिरजवाला: सामाजी लई भारी, घरात आत्तापासनंच चालू केलंय. अर्थ आत्याचाच छापतो, बिर्याणीचा खर्च तिच्याकडं आहे, खाली वचन टाकलं की झालं.

कृष्णाकाठ: प्रूफ बघितल्याशिवाय छापायला सांगू नका, आमच्या गल्लीत एकाच्या पत्रिकेवर श्यामुवेल झालंय.